चौथी 'ब'ला सगळं समजतं

...नाही, पण 'हो' म्हणायला काय जातं हो पोरांचं? तुम्हाला सांगते, मिरजोळ्याच्या अलीकडे आमच्या संस्थेची शाळा, तिथे चौथी 'ब' माझ्याकडे. 'समजलं का?' विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात, 'होऽऽ बाई!' आणि तो 'हो' जितका लांब तितकं कमी समजलेलं असतं, हे कुठल्याही बाईला कळतं... कळत नाही ते फक्त त्या विद्याताईला!

विद्याताई म्हणजे माणूस नव्हे हां. भिंतीवरचं एआयचं मशीन! संस्थेच्या चिटणीसांनी हौसेनं बसवलं. ती गोड आवाजात हातच्याची वजाबाकी शिकवते, मग विचारते, 'समजलं का, बाळांनो?' 'होऽऽ!' झालं! चला पुढच्या धड्याला! वजाबाकीवरून अपूर्णांक, अपूर्णांकावरून शेकडेवारी, आणि परवा बघते तर काय, बैजिक राशी! अहो, चौथी 'ब'! निम्म्यांना अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही! चिटणीसांना सांगायला गेले, तर ते चष्म्यावरून, 'बाई, तुम्हाला मुलांची प्रगती बघवत नाही का?' माझं मेलीचं ऐकतंय कोण!

त्यात तपासणी लागली. मुंबईहून साहेब येणार. चिटणीस म्हणाले, 'वर्ग चमकला नाही, तर तुमची बदली दाभोळच्या शाखेत.' दाभोळ! घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना पाणी कोण देणार? आणि मी तिकडे काय खाडी बघत बसू?

साहेब आले. आमच्या राहीला उभं केलं. 'सांग बाळ, त्रेपन्नातून सत्तावीस गेले, उरले किती?' राही माझ्याकडे बघतेय, मी पंख्याकडे बघतेय, चिटणीस माझ्याकडे असे बघतायत की... म्हटलं, संपलं! बांधा गाठोडं! तेवढ्यात विद्याताईच सुरू झाली, 'सदर विद्यार्थिनीची बहुस्तरीय आकलनश्रेणी अपेक्षित क्षमतारेषेच्या...' श्वास न घेता हो! घेणार कुठून? मला एक अक्षर कळलं असेल तर शपथ. आणि शेवटी, 'समजलं का?'

साहेबांनी चिटणीसांकडे बघितलं. चिटणीसांनी साहेबांकडे बघितलं. आणि दोघंही, अगदी एका सुरात, 'होऽऽ!' अहो, पोरांपेक्षा लांब!

बदली टळली. वर्ग आदर्श ठरला. हारसुद्धा घातला... मशीनला! जाता जाता साहेब म्हणतात, 'बाई, आता मागचं काही शिकवत बसू नका, मुलं फार पुढे गेलीत.' मी म्हटलं, 'साहेब, पण वजाबाकी...' गाडीची काच वर! माझं मेलीचं ऐकतंय कोण!

मग काय करता? शाळा सुटली की दाराला कडी लावते, विद्याताईवर टॉवेल टाकते आणि पोरांना वजाबाकी शिकवते. चोरून हो! हातभट्टी लावल्यासारखी! काल असंच सगळं फळ्यावर मांडून विचारलं, 'समजलं का?' तर राही उठून सरळ म्हणते, 'नाही, बाई.' इतकं बरं वाटलं मला, डोळे भरूनच आले... पण म्हटलं, 'हळू बोल गो बाय, ती ऐकेल!'