जमिनीवरची गादी

व्यक्तिस्वातंत्र्याची सुरुवात घरापासून होते. गाद्यांच्या दुकानात ती मापापाशी अडते. रांगेत माझ्या पुढे एक सासू आणि तिची सून उभ्या होत्या.

“गादी जमिनीवर टाकायची? घरात पलंग नाहीत?”

“जमिनीवर असली की तो आपला आपण चढेल, आपला आपण उतरेल, आई.”

“दोन वर्षांचं पोर एकटं झोपणार! त्याचा बाप अजून उशी सापडली नाही की मला हाक मारतो.”

“म्हणूनच.”

“आणि भिंतींना तो फिकट रंग. खोली आजारी वाटते.”

“शांत वाटते.”

“कपाटसुद्धा गुडघ्याएवढं केलंयस.”

“म्हणजे कपडे स्वतःचे स्वतः काढेल.”

“काढतोच की. घालत नाही.”

“शिकेल.”

“जन्मल्यापासून माझ्या कुशीत झोपतोय. काय बिघडलं त्याचं?”

“त्याचं नाही, तुमचा खांदा बिघडला. तो उठेल म्हणून रात्रभर कूस बदलत नाही तुम्ही.”

“खांदा माझा आहे. मी तक्रार केली?”

“डॉक्टरांनी केली.”

“त्यांना नातू आहे का?”

“आई, गादी घेणार म्हणजे घेणार.”

“घे की. तो रडला तर मी उठणार म्हणजे उठणार.”

“मीही उठेन. बघू कोण आधी पोचतं ते.”

एवढ्यात त्यांचा नंबर आला. दुकानदाराने माप विचारलं.

“तीन बाय पाच,” सून म्हणाली.

“या मापाची तयार नसते, बनवून घ्यावी लागेल. सहा आठवडे लागतील.”

“काही घाई नाही,” सासू म्हणाली.