टेबलाखालचे ठोकळे

बायको : खांद्याचा व्यायाम सांगितलाय. भिंतीला बोटं लावायची आणि हळूहळू वर सरकवायची. कोळी चढतो तशी.

शिंपी : माझा खडू कुठाय?

बायको : हात मागे जातच नाही, वेणी आता पुढे घेऊनच घालते मी.

शिंपी : काळ्या कोटाचं अस्तर आलेलं नाही अजून.

बायको : त्यांच्या टेबलावर फुलदाणी होती.

शिंपी : कुणाच्या?

बायको : डॉक्टरीणबाईंच्या. ती उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, इथं उभ्या राहा, दुकानात कापड कसं कापता ते दाखवा.

शिंपी : मग?

बायको : म्हटलं, हे फारच खाली आहे. असं वाकून कोण कापतं? तर म्हणाल्या, तुमचं टेबल कुठवर येतं? मी हात धरून दाखवला. इथं.

शिंपी : छातीपाशी.

बायको : तर म्हणाल्या, रोज? मी म्हटलं, रोज कुठे, सुट्टीच्या दिवशी नाही.

शिंपी : हसल्या असतील.

बायको : नाही हसल्या.

शिंपी : पण वयाचं आहे हे सांगितलंस ना?

बायको : सांगितलं की. आमचे हे म्हणतात, साठी आली, दुखायचंच. तर म्हणाल्या, वयानं अंग कुरकुरतं, ते कबूल. पण हा खांदा म्हातारा झालेला नाही, झिजवलेला आहे. आत फाटलाय. लवकर आला असतात तर शिवला असता.

शिंपी : आणि कात्री?

बायको : बंद.

शिंपी : महिनाभर?

बायको : बंद म्हणजे बंद.

शिंपी : मग कापणार कोण?

बायको : तुम्ही. शेवटी त्यांनी विचारलं, टेबल एवढं उंच कुणी केलं. म्हटलं, आहेच तसं.

शिंपी : नव्हतं तसं.

बायको : म्हणजे?

शिंपी : पायांखाली बघ.

बायको : काय बघू? ठोकळे आहेत. रोज त्यांच्याभोवतीच तर झाडते.

शिंपी : ते मी लावलेत. वाकून वाकून पाठ धरायची माझी. तू दुकानात यायच्या आधीची गोष्ट.

बायको : मला वाटलं, फरशी उतरती आहे म्हणून असतील.

शिंपी : पाठ तरी थांबेना. मग मी मशीनवर बसलो आणि कापायचं तू घेतलंस.

बायको : आणि ठोकळे राहिले.

शिंपी : राहिले.

बायको : तुमची पाठ कामानं दुखत होती.

शिंपी : हो.

बायको : आणि माझा खांदा वयानं.

शिंपी : अगं, पण एकदा तरी म्हणायचंस, टेबल उंच पडतंय म्हणून!

बायको : मला काय ठाऊक टेबल केवढं असतं? याआधी मी कुठे कापलं होतं? दुखतंय एवढं ठाऊक होतं. तेवढं म्हणत होते.

शिंपी : सरक. काढतो आत्ताच्या आत्ता.

बायको : पाठ सांभाळा.

(टेबल आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं खाली बसतं.)

शिंपी : ये. उभी राहून बघ.

बायको : अगंबाई.

शिंपी : बरोबर आहे?

बायको : कोपर बघा कसं येतंय. खांदा वर करावाच लागत नाही. एवढंच होतं होय हो?

शिंपी : एवढंच.

गिऱ्हाईक : मास्तर, टेबल बुटकं झालं की मीच उंच झालो? काय वहिनी, कोट कापला का माझा?

बायको : नाही ना भाऊजी. हात चालत नाही.

गिऱ्हाईक : अहो, वय ते! आमच्याकडे सकाळी आधी गुडघे बोलतात, मग बायको. मी दोघांचंही ऐकत नाही.

शिंपी : वय नाहीये ते.

गिऱ्हाईक : मग काय आहे?

शिंपी : ते... या टेबलाचं...

बायको : वयच आहे हो. दुसरं काय असणार? तुमचा कोट हे कापतील.

गिऱ्हाईक : मास्तर? त्यांना जमतंय अजून? कॉलर मात्र तुमच्याच हातची हवी, बुवा.

बायको : मी उभी राहते ना शेजारी.

गिऱ्हाईक : मग हरकत नाही. येतो.

शिंपी : असं का सांगितलंस त्याला?

बायको : मग काय सांगू? तुम्हाला इथंच उभं राहायचंय उद्यापासून. चार माणसं येणार, जाणार, तुम्हाला नावं ठेवणार. हा घ्या खडू. कापड पसरा.

शिंपी : हं.

बायको : अहो, किती वाकताय.

शिंपी : टेबल बुटकं पडतंय मला.

बायको : मग लावा ठोकळे परत.

शिंपी : नाही लावणार.

बायको : पाठ जाईल.

शिंपी : जाऊ दे.

बायको : तुमची पाठ गेली म्हणजे माझा खांदा परत येणार आहे का? लावा म्हणते ना. मी धरते ही बाजू.

शिंपी : नको, तू नको. तुला नाही उचलवायचं.

बायको : लग्नाआधी मी मुलींना याच हातांवर उचलून धरत पोहायला शिकवायचे.