आप्पांच्या हातचं दावं

(माकणीच्या धरणामागचा ओढा, सकाळची वेळ. जखमी युवराज झोळीत आहे, झोळी वाशाला बांधलेली. वासा पुढून वडील हिंमतरावांच्या खांद्यावर, मागून धाकटी बहीण हर्षालीच्या हातात.)

हर्षाली : आप्पा, थांबा! झोळी दगडाला घासतीय.

हिंमतराव : थांबायचं न्हाय. वासा खांद्यावर घे, हातात धरू नको. रगत थांबलं का बघ.

हर्षाली : ओढणी पार भिजलीय. अजून गळायलंय.

हिंमतराव : आवळ की मग!

हर्षाली : किती आवळू? हाड वर आलंय त्याचं. ॲम्ब्युलन्स बांधावरच थांबणार, चिखलात उतरत न्हाय म्हणाले. आई तिथंच उभी आहे. अन् डॉक्टरांनी फोनवर सांगितलंय, त्याला झोपू देऊ नका, बोलतं ठेवा.

हिंमतराव : युवराज! ए युवराज! डोळं उघड. बोल काहीतरी.

युवराज : काय बोलू...

हिंमतराव : कायबी. ह्या झोळीचं सांग. गावभर सांगत फिरतूस की.

युवराज : तुम्हाला आवडत न्हाय.

हिंमतराव : आज आवडतंय. सांग.

युवराज : पहिली... बाहेर निजायला, आईच्या लुगड्याची बांधली. गोठ्यामागच्या दोन लिंबांना. मोबाईलवर बघून.

हर्षाली : अन् पहाटं गाठ सुटून शेणात पडलास. सांग ना पुढं, दादा.

युवराज : मग पॅराशूटच्या कापडाची आणली, सोलापूरहून. थंडीत पाठीला गार लागायलं... खालून वाकळ बांधली.

हिंमतराव : व्हय, तुझ्या आयनं शिवली. घरात तीन खाटा असताना. म्या लई बोललो तवा तिला. बरं, मग?

युवराज : मग मच्छरदाणी. वरून ताडपत्री. दर वेळी वाटायचं, एवढं एक घेतलं की झालं.

हर्षाली : मग झोळी झाडाला बांधायचे पट्टे.

युवराज : हां... दोरी झाडाची साल सोलती. पट्टा रुंद असतो. बैल टांगला तरी तुटत न्हाय.

हर्षाली : आप्पा, का थांबलात? चला की!

हिंमतराव : हर्षे, त्यातला एक पट्टा म्या काढला.

हर्षाली : काय?

हिंमतराव : परवा. म्हशीचं दावं झिजलं व्हतं, वढून वढून तुटाया आलं व्हतं. ह्याच्या पिशवीत पट्टं दिसलं. एक तिला घातला, आन् तिचं दावं पिशवीत ठिवलं. बदली म्हणून.

हर्षाली : झिजलेलं दावं ठेवलंत?

हिंमतराव : म्हैस वढती. ह्यो नुसता निजतो. तेवढं पेलंल, असं वाटलं मला.

हर्षाली : ओढ्यावर बांधतो हा, आप्पा! फोटो चांगला येतो म्हणून! खाली नुसते दगड आहेत, त्यावरच आपटला!

हिंमतराव : मला काय ठावं, कुठं बांधतो? कदी बघाया आलो का म्या? दे शिव्या. चालता चालता दे, पर चाल.

हर्षाली : दादा, ऐकलंस? दादा? आप्पा, हा बोलत न्हाय!

हिंमतराव : खाली ठिव. हळू. युवराज! आरं बाळा, हिकडं बघ. गालावर मार त्याच्या, हर्षे. मार जोरात! युवराज, मला शिव्या घाल, जल्मभर बोलू नको माझ्याशी, पर डोळं झाकू नको रं...

युवराज : ...ठाऊक होतं.

हिंमतराव : काय? काय म्हणला?

युवराज : काल संध्याकाळीच. पिशवी उघडली... पीळ ओळखला तुमचा.

हर्षाली : मग बांधलंस कशाला, मुडद्या? घरी यायचं होतंस!

युवराज : झिजलंय ते दिसलं न्हाय. आप्पांनी वळलेलं दावं... तुटलेलं कधी बघितलंच न्हाय मी.

हर्षाली : आप्पा, उठा. आता रडू नका, पाया पडते तुमच्या. उचला. ती बघा गाडी दिसतीय, आई हात करतीय.

हिंमतराव : उचल. हां, चल. घरी गेल्या गेल्या समदी दावी जाळतो म्या. सुताला हात लावत न्हाय पुन्ना. म्हशीचा पट्टा काढून आणतो, युवराज, ऐकतूस न्हवं? तुझा पट्टा तुला देतो.

युवराज : राहू द्या तिला.

हिंमतराव : व्हय, राहू दे. बोल, बोलत राहा. आन् तुला काय देऊ?

युवराज : मला... नवं दावं वळून द्या.