डांबरगोळ्या, पेट्रोल आणि घोडीची झूल

शहादे पोलीस ठाणे, जिल्हा पश्चिम खानदेश. ता. ९ डिसेंबर १९३८.

माझे नाव चुडामण दगा पाटील, वय वर्षे एकवीस, शिक्षण मराठी सहावीपर्यंत, धंदा जिनात कापसाच्या गाठींवर नंबर घालणे, राहणार लोणखेडा, तालुका शहादे. विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

मयत हिलाल हा माझा सख्खा थोरला भाऊ. वडील हयात नाहीत. घरी आई भिकुबाई, भाऊ, भावजय कमलबाई व मी असे राहत होतो. आईने परवा फिर्याद दिली आहे की, कमलबाईने झुलीत डांबरगोळ्या भरून ठेवल्या व त्यांनीच पेट घेतला. त्याबद्दल मला माहीत आहे ते सांगतो.

आमची एक घोडी आहे. दर साल दत्तजयंतीला भाऊ तिला सारंगखेड्याच्या बाजारात नेत असे. विकण्यास नव्हे, मिरवण्यास. तिची लाल मखमली झूल वडिलांच्या वेळची आहे. कसर लागू नये म्हणून ती वर्षभर पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवतात. ही रीत आईनेच घातलेली आहे. बाजाराला निघण्यापूर्वी झूल घातलेल्या घोडीला व स्वाराला घरची सवाशीण निरांजनाने ओवाळते. लग्न झाल्यापासून हे काम वहिनींकडे आहे.

सोमवारी सकाळी अंगणात घोडी सजवली. पेटी वहिनींनी उघडली. झुलीचा वास नेहमीपेक्षा उग्र होता. मलाही आला. वहिनी भावास म्हणाल्या, "तुम्हनी घोडी बजारले चालनी का पेटीमा निजाले?" भाऊ हसून म्हणाला, "पेटीमाईन काढेल नवरी शे ती. ओवाळ लवकर, ऊन चढी ऱ्हायनं." आमच्या घरात हा वास दर साल येतो व त्यावर दर साल थट्टा होते. म्हणून कोणासही भीती वाटली नाही.

भाऊ घोडीवर बसला. वहिनींनी त्यास कुंकू लावले व ताट उचलले. ज्योत झुलीला लागली नाही. ताट हातभर दूर असतानाच झुलीच्या काठावरून जाळ सर्वत्र पसरला. घोडी उधळली. भावाचा पाय रिकिबीत अडकला होता. मी व शेजाऱ्यांनी गोधड्या टाकल्या. वहिनींचे दोन्ही हात भाजले, कारण त्यांनी गोधडीची वाट पाहिली नाही. भाऊ मंगळवारी येथील दवाखान्यात वारला. घोडी जिवंत आहे. ती अंगाला हात लावू देत नाही.

भाऊ शुद्धीवर असताना एकदाच बोलला. "झूल बरी शे का?" असे त्याने विचारले. ती बरी आहे, असे मी सांगितले.

बुधवारी गोठ्यात घोडीला पाणी दाखवताना कडब्यामागे मला एक चेपलेला डबा व लाल रंग लागलेली चिंधी सापडली. डब्यास पेट्रोलचा वास होता. मी शहाद्यास जाऊन प्रवासी सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर मगन, जो भावाचा दोस्त आहे, यास विचारले. तो रडू लागला. तो म्हणाला, "मीच दिन्हं रे भाऊ. झूलवर वंगणना डाग शे, मायले कळाना पहिले काढनं, असं तो बोलना. म्हणून दिन्हं." गेल्या बाजारात गाडीच्या आसाचे वंगण झुलीला लागले होते. रविवारी संध्याकाळी भावाने डाग काढला असावा व झूल ओलीच घडी करून पेटीत ठेवली असावी. मी तेव्हा जिनात होतो. वहिनी नदीवर होत्या.

काल फौजदारसाहेबांनी पंचांसमोर दोन बशा मांडल्या. एकीत डांबरगोळी, दुसरीत थोडे पेट्रोल. गोळीला काडी धरून ठेवावी लागली. ती आधी वितळली, मग काळा धूर करीत जळू लागली. पेट्रोलने काडी वीतभर दूर असतानाच पेट घेतला. शाळेचे मास्तर पंच होते. ते म्हणाले, दोन्ही पदार्थ कार्बन व हायड्रोजन यांचेच बनलेले आहेत. पण गोळी सावकाश झिजते आणि पेट्रोल थंड हवेतही वाफ होऊन पसरते, ती वाफ स्वतःहून आगीपर्यंत जाते. बंद पेटीत ती वाफ कोंडून राहिली व झूल सुकली नाही. गोळ्यांच्या वासाखाली पेट्रोलचा वास कोणास वेगळा कळला नाही.

सबब झूल डांबरगोळ्यांमुळे पेटली नाही. वहिनींचा त्यात हात नाही.

डब्याची गोष्ट सांगू नये असे आईचे म्हणणे होते. ती मला म्हणाली, "मरी गया त्याले दोस नको दी." मी म्हणालो, "मंग जित्ती शे तिन्हं काय, माय?" माझ्या भावाने वाईट हेतूने काही केले नाही. त्याला झूल नव्यासारखी करायची होती. हे वाक्य जबाबात ठेवावे अशी विनंती आहे.

वहिनी कालपर्यंत, माझ्याच हातून झाले, असे म्हणत होत्या. त्यांना वाचता येत नाही. म्हणून जबाब दार उघडे ठेवून वाचावा, असे मी हवालदारांना सांगितले.

त्याप्रमाणे हा जबाब माझ्यासमोर मोठ्याने वाचला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. आई व वहिनी बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. डब्याचा मजकूर आला तेव्हा आई उठून रस्त्याकडे गेली. वाचून संपल्यावर वहिनींनी तेवढा मजकूर पुन्हा वाचण्यास सांगितले. तो पुन्हा वाचला.

सही : चुडामण दगा पाटील