बॅटवरची खरी सही

घाटकोपरच्या कुरियर ऑफिसात एक नवरा-बायको काउंटर अडवून पार्सल उघडत होते. आतून सही तपासायला पाठवलेली त्यांची बॅट निघाली. मागे रांगेत क्षमा वैतागली होती, पण कान तिकडेच.

"बघ, तपासून स्टिकर लावलंय कंपनीने. सही कॅप्टनचीच, शंभर टक्के."

"अहो, खंडेनवमीला पूजेसाठी बॅट पुसली, तेव्हाच ती सही गेली."

"गेली? मग ही काय?"

"तुम्ही ओरडाल म्हणून फोटोत बघून मी काढली. मार्करने."

"काहीतरीच. एक्स्पर्ट आहेत ते. मशीनखाली बघतात."

"पण काढली मीच ना."

"तुला नीट आठवत नसेल."

"माझ्या हाताने काढली, मला आठवणार नाही?"

"बरं, तू काढलीस. सर्टिफिकेट आहे तुझ्याकडे?"