मागं वळून बघणारे आबा

अरे, तुम्ही ट्रेडमिलचं कौतुक सांगताय, आमच्या आबांचं ऐका. आबा म्हणजे माझे वडील, जन्मभर मेंढरांपुढं चालले. भुकूमच्या माळावर बिल्डिंगा उठल्या, चराई संपली, मेंढरं विकली. तेव्हापासून आबा खुर्चीत बसले ते बसलेच. पुढं पुढं दोन पायऱ्या चढले तरी धाप लागायची.

डॉक्टरांनी छातीला वायरी लावून त्यांना सरकत्या पट्ट्यावर चालवलं. आबा घामाघूम, पण सारखे मागं वळून बघतायत.

"आबा, पुढं बघा, पडाल!" डॉक्टर ओरडले.

"मेंढरं येत्यात का बघतुया. सवय हाय."

डॉक्टरांनी मशीन थांबवलं. "बसून बसून हृदय कमजोर झालंय, आबा. रोज थोडं तरी चालायचं."

"चालतो की," आबा म्हणाले, "पर कुनाला घेऊन?"