दहातले आठ

मी पिंजारी. बाप पिंजारी, आजा पिंजारी, बडनेऱ्यात आमचं तिसऱ्या पिढीचं दुकान, म्हणजे दुकान काय, टिनाची एक खोली, सहा बाय नऊची, तिच्यातच कापूस अन् तिच्यातच मी. छताले पिंजायची मोठी कमान टांगलेली, तिले बकऱ्याच्या आतड्याची ताणलेली दोर, त्या दोरीले आमी तात म्हणतो. ती कापसात धरायची अन् लाकडी ठोकळ्यानं ठोकत राहायचं, तुंई, तुंई, सकाळपासून. कापूस उडते, फुलते, अन् जेवढा गादीत जाते तेवढाच पिंजाऱ्याच्या छातीत जाते. नाही, तेवढा नाही, खोटं काहून सांगू, पण बराच जाते. बाप त्यानंच गेला. मी अडतीसचा झालो तं दुकानापासून मशिदीपर्यंत दीडशे पावलं, त्यात मले दोनदा थांबा लागे.

नागपूर राजधानी होती तेव्हाची गोष्ट सांगून राहिलो, आपण महाराष्ट्रात यायच्या आधीची. अमरावतीच्या दवाखान्यात डाक्टरनं छातीले नळी लावली अन् म्हणे, धंदा सोड. मी म्हणलं, धंदा सोडला तं घरची पाच जणं खातील काय. मंग म्हणे, रोज सकाळी एक तास मोकळ्या हवेत छाती उघडेल असं काही कर, नाही तं मी वर्षाचाही भरवसा देत नाही. असं तोंडावर. घरवाली बाजूले उभी होती, तिनं ऐकलं.

मोकळी हवा म्हणजे आमच्याकडं आखाड्याचं मैदान. बाकी सगळी लोकायची वावरं, पिकं उभी, नाही तं काटेरी झुडपं. आखाड्याच्या फाटकावर पाटी होती, व्यायाम सर्वांसाठी खुला. वाचली अन् आत गेलो. वस्ताद म्हणे, तू काहून आला बे पिंजाऱ्या, कुस्ती खेळतं का? पोट्टे हासले. मी डाक्टरचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, अन् म्हणलं, तिकडं तीर मारून राहिले ना, ते शिकीन. वस्ताद म्हणे, शिक, तुले काय, दोरीचीच सवय.

धनुष्य परतवाड्याच्या बाजारातून आणलं, बांबूचं, ओल्या बांबूचा वास होता त्याले. काय सांगू तुमाले भाऊ, दोर ओढली की दोन्ही खांदे मागं जातात, पाठीतली हाडं एकमेकाले भेटतात, अन् छाती अशी उघडते की आतून कोणी दार ढकललं. पण तीर सोडाचा असते श्वास धरून, अन् मले तं श्वासच धरता येत नव्हता. दोर गालाले लागली की खोकला. तीर गवतात. दोर सुटली की डाव्या हाताले आतून फटका बसे, पहिले जांभळं होये, मंग हिरवं, घरवाली हळद लावे. तीर सुटला की एवढीशी चूप होते, अन् मंग निशाण म्हणून बांधलेल्या पेंढ्यात लागला तं थप्, मातीत गेला तं खस्. मले डोळ्याच्या आधी कान सांगे. पहिल्या महिन्यात चाळीस पावलांवरून दहात एक लागे, चौथ्या महिन्यात सहा. अन् मशिदीपर्यंत मी न थांबता जाऊ लागलो. घरवालीनं खिडकीतून पाह्यलं, चहा मांडला.

बाकीच्यायच्या धनुष्याले अंबाडीची दोर, मेल्यासारखी वाजे. मी माही तात लावली, ती धनुष्यावरही तुंई वाजे. दहात सात लागू लागले. वस्तादच्या पहिल्या नंबरच्या चेल्याचे पाच लागत. तिथून बिघडलं. वस्ताद म्हणे, हे आतडं आखाड्यात चालणार नाही, अथी मारुती बसला आहे. मी म्हणलं, मारुतीपुढं ढोलकी वाजवता, तिले काय वांग्याचं साल लावलं? एक जण हासला, त्याले वस्तादनं शंभर बैठका लावल्या. मंग मले म्हणे, येत्या रविवारी सगळ्यायसमोर दहा तीर मार. आठ लागले तं तू अन् तुही तात दोघंही राहा, नाही तं फाटकाच्या बाहेर. मी विचारलं, आठाची अट बाकीच्यायले हाये काय? म्हणे, बाकीच्यायची दोर अंबाडीची हाये.

घरवाली म्हणे, लावा ना अंबाडीची, मले तुमी पाह्यजे, तात नाही पाह्यजे. मी ऐकलं नाही. तिचं बरोबर होतं.

हिवाळ्याचे दिवस, रविवारी सकाळी गवतावर दव, पायाले काळी माती चिकटून राहिली. दवानं तात सैल पडली, बोलेना. पिंजाऱ्याचा हात कसा असते, तात बोलली नाही की पीळ द्यायचा, खणखणीत वाजेपर्यंत. मी दिला. दुकानात ते बरोबर, दुकानात दिवसभर तीच सावली. मैदानात ऊन निघते हे माह्या डोक्यातच नाही आलं. आठ तिरात सात लागले. तोवर ऊन चढलं, तात सुकली, अजून ताणली, तिचा आवाज वर वर गेला, अन् मी बह्याड मनात खुश, वाह, काय वाजून राहिली. खरा तीरवाला असता तं तथीच दोर सैल करता. नववा पेंढ्याच्या हातभर वरून गेला. दहावा गालापर्यंत ओढला अन् तात तुटली, डोळ्याखाली चाबकासारखी बसली, तीर पायापाशी पडला.

वस्ताद म्हणे, सात. मी म्हणलं, दहावा सुटलाच नाही, पुन्हा मारू द्या. म्हणे, सात म्हणजे सात, पिंजाऱ्या, फाटक तिकडं हाये.

मोजणी बरोबर होती, हे मी आजही म्हणतो. तातीची चूक माही. पण ती अट त्यानं जन्मात दुसऱ्या कोणाले घातली नाही, अन् ज्याले दमासाठी तथी उभं राहा लागे त्यालेच घातली, माहीत असून घातली. ते मी माफ केलं नाही.

दोन महिने घरी बसलो, मशिदीच्या वाटेवर पुन्हा मधात थांबू लागलो. एक दिवस घरवाली विळा घेऊन रेल्वेलाइनीच्या पलीकडं ई-क्लासच्या सरकारी पडितात गेली, काटेरी झुडपं तोडली, स्वतःच्या पावलानं मोजून चाळीस पावलं साफ केली. तिची पावलं लहान, ती पस्तीसच भरली, मी पाच वाढवली. म्हणे, अथून कोणी उठवलं तं मले सांगा.

त्याले आता अकरा वर्षं झाली. मी एकोणपन्नासचा. नजर कमी झाली, दहात सहा लागतात, कधी पाच. खोकला हाये, पण मशिदीपर्यंत एका दमात जातो. वस्तादचं घर त्याच पडिताच्या कडेले. तो आता थकला, सकाळी उशिरा उठते, त्यानं दोनदा निरोप धाडला, पिंजाऱ्याले म्हणा तुंई तुंई बंद कर, झोप मोडते. मी सांगितलं, जमीन सरकारी हाये, सरकारले सांगा. आमी बोलत नाही. मी मेलो तं माह्या मातीले त्यानं येऊ नये, हे घरी सांगून ठेवलं. पण वाईट चिंतत नाही कोणाचं. अल्लानं त्याले लंबी उमर द्यावी, अन् कान शेवटपर्यंत चांगले ठेवावे.